रोडमास्टरची नोंद : ऑप्टी निर्दोष होता

गरम झाल्यावर बंद पडण्याचा जो विकार माझ्या १९९५ च्या ब्युइक रोडमास्टर इस्टेटला दोन वर्षांपासून जडला होता, त्याचे मूळ गेल्या शनिवारी सापडले. ते पाहिल्यावर मला माझ्याच एका जुन्या नोंदीतील निष्कर्ष मागे घ्यावा लागत आहे. कारखान्यातून आलेला मूळ ऑप्टीस्पार्क, म्हणजे ठिणगीची वेळ प्रकाशाने मोजणारा डिस्ट्रिब्यूटर (थोडक्यात ‘ऑप्टी’), निकामी झाला आहे, असे मी तेव्हा ठामपणे लिहिले होते. तो निकामी झालेलाच नव्हता. ती नोंद वाचून ज्यांनी आपल्या गाडीचा ऑप्टी काढून टाकला असेल, त्यांची मी मनापासून क्षमा मागतो आणि सारी हकीकत क्रमाने मांडतो.

लक्षणे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहेत. इंजिन थंड असताना गाडीची काहीही तक्रार नसे. पंचवीस ते चाळीस मिनिटे चालवून, महामार्ग सोडून मिशिगनमधल्या नोव्हाय शहराच्या सिग्नलांच्या गर्दीत शिरले की इंजिन एकाएकी थांबे. आधी आचका नाही, मिसिंग नाही, कसलीही पूर्वसूचना नाही. वीस मिनिटे बॉनेट उघडे ठेवले की ते पुन्हा पहिल्या फेरीत सुरू होई. इंजिन थांबले की पॉवर स्टीअरिंगही जाते, आणि दोन टनांहून जड असलेली ही वॅगन मेल्या स्टीअरिंगने रस्त्याच्या कडेला घेणे किती कठीण असते, हे ज्याने केले आहे त्यालाच कळेल. मागच्या उलट्या तोंडाच्या आसनावर मुलगी बसलेली असताना हे दोनदा घडले, तेव्हा कारण सापडेपर्यंत तिला या गाडीत बसवायचे नाही, असे मी ठरवून टाकले होते.

मला चकवा देणारी गोष्ट अशी की ऑप्टीचा नेहमीचा आजार ओलाव्याचा असतो, आणि माझी गाडी मात्र कोरड्या, कडक उन्हात बंद पडत होती. म्हणून या खेपेला मी पहिला संशय आयसीएमवर, म्हणजे ठिणगी नियंत्रित करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलवर, घेतला. इंजिनाच्या उजव्या सिलिंडर हेडच्या पुढच्या बाजूला कॉइलशेजारी बसवलेले ते मॉड्यूल उष्णतेने मरते, ही गोष्ट सर्वज्ञात आहे. मॉड्यूल नवे आणले, त्याच्या पाठीला उष्णता वाहून नेणारी पेस्ट नीट लावली, ब्रॅकेट घासून स्वच्छ केले. पाचव्या दिवशी गाडी पुन्हा त्याच चौकात थांबली.

तेव्हा मात्र मी सुटे भाग बदलणे थांबवले आणि मोजायला बसलो. १९९५ च्या आपल्या बी-बॉडीची (जनरल मोटर्सच्या या मोठ्या गाड्यांच्या सांगाड्याची) एक अडचण नव्या सभासदांसाठी पुन्हा सांगतो. डॅशखालचे सॉकेट दिसायला सोळा पिनांचे असले तरी आतला संगणक जुनी, ओबीडी-१ या आधीच्या दोषनिदान पद्धतीची भाषा बोलतो. त्यामुळे दुकानात मिळणारा साधा कोड रीडर त्याच्याशी बोलूच शकत नाही. त्याच्याशी बोलायला एएलडीएलची (जनरल मोटर्सच्या जुन्या संगणकांना लॅपटॉपशी जोडणारी) यूएसबी केबल आणि ईईहॅक हा विनामूल्य प्रोग्राम लागतो. हा प्रोग्राम १९९४ आणि १९९५ च्या एलटी-१ साठी, म्हणजे याच इंजिनासाठी, बनलेला आहे. ज्याच्याकडे ही गाडी आहे त्याने पान्यांचा दुसरा संच घेण्याआधी ही केबल घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

लॅपटॉप शेजारच्या आसनावर ठेवून, गाडी घरासमोरच उभी करून, मी इंजिन पाऊण तास आयडलवर चालवले. मुलगी पडद्यावर लक्ष ठेवून होती. इंजिन थांबले त्याच क्षणी ती म्हणाली, “बाबा, आकडा एकदम शून्य झाला!” हे तिचे वाक्य म्हणजे या सगळ्या तपासाचा कणा आहे. आयसीएम मेला असता तर ठिणगी थांबली असती, पण ऑप्टीकडून येणारा संकेत चालू राहिला असता आणि इंजिन थांबेपर्यंत फेऱ्यांचा आकडा पायरी पायरीने उतरलेला दिसला असता. लॉगमध्ये तो सातशेच्या आसपास होता आणि पुढच्याच ओळीत शून्य होता, म्हणजे इंजिन अजून फिरत असतानाच संगणकाला ते फिरताना दिसेनासे झाले होते. सोबत कोड १६, म्हणजे ऑप्टीच्या दोन संकेतांपैकी लो-रिझोल्यूशन (कमी स्पंदांचा) संकेत हरवल्याची नोंद. दोष ऑप्टीत, त्याला मिळणाऱ्या विजेत किंवा मधल्या वायरीत होता. आयसीएम त्यातून सुटला.

इथे मी पुन्हा चुकणार होतो. दोन वर्षांपूर्वी बसवलेला स्वस्त ऑप्टी गेला, असे गृहीत धरून मी नव्याची मागणी नोंदवलीदेखील. त्या रात्री वडिलांची पद्मिनी आठवली. पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात ती बंद पडली की वडील डिस्ट्रिब्यूटरचे झाकण उघडून कोरड्या फडक्याने पुसत, पण त्याआधी प्रत्येक वायर हाताने चाचपून पाहत आणि म्हणत, “करंट कुठपर्यंत पोचतोय ते आधी बघायचं.” मी कुठपर्यंत पाहिले होते? दोन निरनिराळ्या कारखान्यांत बनलेले दोन ऑप्टी अगदी एकाच पद्धतीने, तितक्याच मिनिटांनी कसे बंद पडतील? दोघांत समान असलेली वस्तू एकच होती, ती म्हणजे ऑप्टीकडे जाणारा चार वायरींचा छोटा हार्नेस (वायरींची जुडी) आणि त्याचा जोड. ऑप्टी बदलल्यावर आठ महिने गाडी चांगली चालली, त्याचे कारणही आता उलगडले. जोड काढून पुन्हा लावताना पिनांवरचा मळ खरवडला गेला होता, एवढेच.

शनिवारी सकाळी इंजिन नेहमीच्या तापमानाला आणून हीट गन हाती घेतली. आधी पाच मिनिटे आयसीएम तापवला, काहीच झाले नाही. मग लांब नळी लावून खालच्या बाजूने, पाण्याच्या पंपाशेजारच्या जोडावर गरम हवा सोडली. दोन मिनिटांच्या आत इंजिन थांबले. मी त्या जोडावर थंड करणारा स्प्रे मारला, आणि एरवी वीस मिनिटे वाट पाहायला लावणारी गाडी एका मिनिटात सुरू झाली. हा प्रयोग मी तीनदा केला आणि तिन्ही वेळा तेच घडले. दोन वर्षांनंतर दोष हवा तेव्हा आणता आणि हवा तेव्हा घालवता येतो, हे पाहून झालेला आनंद शब्दांत सांगणे मला कठीण आहे.

जोड उघडला तेव्हा पिनांवर हिरवट भुकटी साचली होती आणि एका मादी पिनेची पकड सैल झाली होती. गरम झाल्यावर ती पिन पसरे आणि संपर्क तुटे. ही भुकटी आली कोठून, याचे उत्तर दोन इंच वर होते. पंपाच्या गळती-छिद्रातून वाळलेल्या कूलंटची एक बारीक रेघ थेट जोडावर उतरली होती. ऑप्टीला पाण्याच्या पंपाच्या खाली बसवण्याचा जनरल मोटर्सचा निर्णय मला या इंजिनातील सर्वांत दुर्दैवी निर्णय वाटतो. जिथे ठिणगीची वेळ ठरते, त्याच्या डोक्यावर गळणे ज्याच्या नशिबी आहे असा भाग ठेवू नये. हा पंप मी तीन वर्षांपूर्वी एका साखळी दुकानातून घेतला होता आणि तो दुरुस्त करून पुन्हा विकलेला होता. या इंजिनासाठी पंप घ्यायचा तर तो कोरा नवाच घ्यावा. वाचलेले पैसे पुढे हार्नेस, ऑप्टी आणि शनिवार-रविवार यांच्या रूपाने द्यावे लागतात.

नवा पंप बसवायचा म्हणजे पुढची बाजू उघडणे आलेच. माझ्या गाडीला टोइंग पॅकेज असल्याने यांत्रिक पंखा आधी काढावा लागला, मग होजेस, मग पंपाचे सहा बोल्ट. गॅस्केटचे अवशेष खरवडण्यात अर्धी दुपार गेली. पुढे डँपरच्या (क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावरच्या चाकाच्या) तीन बोल्टांच्या जागी खडूने खुणा करून तो काढला आणि ऑप्टी बाहेर घेतला. पंपाच्या शाफ्टचे आणि ऑप्टीचे, अशी टायमिंग कव्हरमधली दोन्ही ऑइल सील बदलली, कारण इतके उघडल्यावर जुनी सील तशीच ठेवणे मला पटत नाही.

स्वस्त ऑप्टी उघडून पाहिला तर त्याच्या आत गंज धरला होता आणि शाफ्टला हाताला जाणवेल इतका खेळ होता. हा मात्र खरोखरच फार दिवसांचा सोबती नव्हता. तेव्हा मला फडताळावरच्या त्या पुठ्ठ्याच्या खोक्याची आठवण झाली, ज्यात १९९५ चा मूळ ऑप्टी मी टाकून न देता ठेवला होता. उघडला तर आत तेल नाही, पाणी नाही, चकती स्वच्छ, आणि सेन्सरवर मित्सुबिशीचे नाव. एका मित्राकडे ऑसिलोस्कोप आहे. रविवारी त्याच्या टेबलावर आम्ही ऑप्टीला बारा व्होल्ट दिले, दोन्ही संकेतांच्या वायरी रोधकांमधून पाच व्होल्टला जोडल्या आणि शाफ्ट ड्रिलने फिरवला. एका फेरीत बाहेरच्या ३६० खाचांचे स्पंद आणि आतल्या आठांचे स्पंद, सारे चौकोनी आणि स्वच्छ. फिरत असतानाच हीट गनने तापवला, तरी एकही स्पंद गळला नाही. तीसेक वर्षांपूर्वी रस्त्यावर उतरलेल्या गाड्यांतले हे सेन्सर असे टिकून असतील, तर जुने ऑप्टी भंगारात जाताना पाहून मला यापुढे वाईट वाटेल.

त्याच संध्याकाळी नव्या ऑप्टीची मागणी रद्द केली. मूळ ऑप्टीला नवे झाकण आणि नवा रोटर बसवला. रोटरचे स्क्रू सैल होऊन आतच फिरण्याची तक्रार जुनी आहे, म्हणून त्यांना निळे लॉकटाइट लावले. हवा खेळवणाऱ्या नळ्यांमधला एकमार्गी व्हॉल्व्ह अडकलेला सापडला, तोही बदलला. बेअरिंग हाताने फिरवून पाहिले, खरखर नव्हती, म्हणून त्याला हात लावला नाही.

बसवताना एक तास एकाच जागी गेला. कॅमशाफ्टची लांब पिन ऑप्टीच्या खाचेत बसल्याखेरीज ऑप्टी कव्हरला पूर्ण टेकत नाही, आणि तो बोल्ट आवळून ओढून घेण्याचा मोह आवरावा लागतो, कारण तसे केले तर पिन किंवा ऑप्टी यांपैकी एक जातो. आरसा आणि छोटी बॅटरी यांच्या मदतीने शाफ्ट अंशाअंशाने फिरवत राहिलो. शेवटी तो हलक्या हाताने आत सरकला आणि चारी बाजूंनी टेकला. पंपाचे बोल्ट ३० फूट-पौंडांवर आवळले. या इंजिनात कूलंट आधी हेडमध्ये आणि मग ब्लॉकमध्ये जाते, त्यामुळे हवा अडकते. थर्मोस्टॅटच्या घरावरचा ब्लीड स्क्रू उघडा ठेवून बुडबुडे थांबून अखंड धार येईपर्यंत भरत राहिलो. हार्नेसच्या पिना नव्या घातल्या, जोडात डायइलेक्ट्रिक ग्रीस भरले.

मंगळवारपासून तीन वेळा गाडी मुद्दाम गर्दीत नेली, केबल लावून, लॉग चालू ठेवून. सर्वांत लांब फेरी दीड तासाची होती, त्यातली चाळीस मिनिटे वातानुकूलन चालू ठेवून जागच्या जागी. फेऱ्यांचा आकडा एकदाही शून्यावर गेला नाही. काल मुलगी पुन्हा मागच्या उलट्या आसनावर बसली.

हे लिहीत असतानाच एक कल्पना सुचली आहे आणि पुढचा बेत तिने बदलला आहे. मी मागच्या एअर सस्पेन्शनचा कॉम्प्रेसर उघडणार होतो, पण त्याआधी ऑप्टीचा हार्नेस चार इंचांनी वाढवून त्याचा जोड पंपाच्या वर आणता येईल का, ते पाहणार आहे. नवा पंपही कधीतरी गळणारच, तर तेव्हा थेंब जोडावर पडू नये. पिना वायरीवर घट्ट दाबणारे चांगले क्रिंपर त्यासाठी लागतील. माझ्याकडचे स्वस्त क्रिंपर पिनेचे कान वाकडे करते, म्हणून कुणी चांगले वापरले असल्यास कृपया कळवावे. व्हिस्टा रूफच्या काचेचे रबर अजून कोरडे आहे. बाजूंच्या लाकडी नक्षीच्या विनाइलला डाव्या मागच्या दारावर नवी भेग गेली आहे, तिला सध्या हात लावणार नाही.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटजवळच्या वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांचा वार्षिक मेळा, वुडवर्ड ड्रीम क्रूझ, आहे. तो पहिल्यांदा भरला ते वर्ष १९९५, म्हणजे माझ्या गाडीचेच. भर उन्हात ताशी पाच मैलांनी तासन्‌तास सरकत राहण्याइतकी कठीण परीक्षा या गाडीला दुसरी नाही. जोड वर आणण्याचे काम जुलैअखेर झाले, तर तिथे थर्टीन माइल रोडजवळ सकाळी आठला उभा असेन, बॉनेट उघडे ठेवून, म्हणजे ज्यांना जोडाची नवी जागा पाहायची असेल त्यांना पाहता येईल.