तुम्ही विचारलंत म्हणून: पिर्लोच का?

"एवढे गोल मारणारे पडलेत, आणि तुमचा आवडता कोण, तर पिर्लो? तो तर पळतसुद्धा नाही!" शाहू स्टेडियमवर शेजारी बसलेलं कुणी ना कुणी दर मोसमात हे विचारतंच. आमच्या कोल्हापुरात जीव तोडून पळणाऱ्यावर लोक जीव टाकतात, तेव्हा प्रश्न रास्तच आहे. मॅच चालू असताना धड उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहितो.

आंद्रेआ पिर्लो इटलीतल्या ब्रेशियाजवळच्या फ्लेरो गावचा, जन्म १९७९ चा. १९९८ मध्ये मिलान शहरातल्या इंटर या क्लबनं त्याला घेतलं खरं, पण संघात त्याचा जम बसेना. तो खेळायचा स्ट्रायकरच्या मागे, दहा नंबरच्या जागेवर. तिथे बॉल पायात येतो न येतो तोच पाठीवर बचावपटू चढलेला असतो, आणि त्याला झटकून निसटायला लागणारा वेग पिर्लोकडे नव्हता. २००१ च्या सुरुवातीला तो लोनवर, म्हणजे काही काळापुरता उसना, ब्रेशियाला आपल्या जुन्या क्लबात परत आला, तर तिथे त्याच जागेवर साक्षात रॉबर्तो बाज्जो, इटलीचा नावाजलेला खेळाडू! प्रशिक्षक कार्लो मात्सोने यांनी मग पोराला थेट मागे नेलं, बचावफळीच्या पुढ्यात.

माझं सगळं उत्तर या एका बदलात आहे. मागे आल्यावर त्याला दोन गोष्टी मिळाल्या: मान वर करायला वेळ, आणि डोळ्यांसमोर अख्खं मैदान. त्याच एप्रिलमध्ये युव्हेंटस या बड्या क्लबविरुद्ध त्यानं मध्यरेषेजवळून बचावफळीच्या डोक्यावरून बॉल टाकला. बाज्जोनं तो पहिल्याच स्पर्शात अलगद उतरवून गोलकीपर व्हॅन डेर सारला चकवलं आणि बरोबरी झाली. त्या जागेवरून खेळ चालवणाऱ्याला इटलीत 'रेजिस्ता' म्हणतात. सिनेमाच्या दिग्दर्शकालाही तिथे हाच शब्द आहे.

पुढे मिलान क्लबात प्रशिक्षक अँचेलोत्तींनी त्याला तिथेच ठेवलं आणि शेजारी दिला गात्तुझो. पळणं, भिडणं, बॉल हिसकावणं गात्तुझोनं करायचं, आणि हिसकावलेल्या बॉलचं काय करायचं ते पिर्लोनं ठरवायचं. युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, चॅम्पियन्स लीग, मिलाननं २००३ आणि २००७ मध्ये अशीच जिंकली.

आता २००६ च्या विश्वचषकाची सेमीफायनल, डॉर्टमुंड, इटलीसमोर यजमान जर्मनी. आपल्याकडे पहाटेचे तीन वाजत आलेले, घरात सगळे झोपलेले, मी टीव्हीचा आवाज बंद करून बसलेलो. ११९ वं मिनिट. कॉर्नरवरून बाहेर आलेला बॉल पेनल्टी बॉक्सच्या कडेला पिर्लोकडे आला. दुसरा कुणीही तिथून शॉट मारून मोकळा झाला असता. हा बॉल घेऊन आडवा, उजवीकडे सरकत राहिला. जर्मन बचावपटू त्याच्याकडे ओढले गेले, आणि त्यांच्या मधून, नजर तिसरीकडेच ठेवून, त्यानं बॉल आपल्या संघातल्या ग्रोसोकडे सरकवला. ग्रोसोनं डाव्या पायानं वळवला, गोल. मी तोंडावर हात दाबून उभा राहिलो होतो. मघाशी जे म्हणालात ना, तो पळत नाही, ते इथे बघा. पळाला असता तर ती फट उघडलीच नसती.

आणि काळीज म्हणाल, तर २००५ ची चॅम्पियन्स लीगची इस्तंबूलची फायनल आठवा. तीन गोलांची आघाडी घालवून मिलान पेनल्टीवर हरलं, त्यात पिर्लोचीही पेनल्टी अडवली गेली. फुटबॉल सोडून द्यावं असं तेव्हा वाटलं होतं, हे त्यानं स्वतःच पुढे सांगितलं. पुढच्याच वर्षी बर्लिनला विश्वचषकाच्या फायनलमध्ये इटलीची पहिली पेनल्टी घ्यायला हाच गेला, आणि गोल केला.

२०११ मध्ये मिलानचा करार संपला. बत्तिसाव्या वर्षी तो युव्हेंटसला मिळाला, मिलानला एक पैसाही न मोजता, आणि युव्हेंटसनं लागोपाठ चार वेळा इटलीची लीग जिंकली. त्यातल्या पहिल्या मोसमात तर एकही सामना न हरता.

आता एक करा. ग्रोसोचा तो गोल पुन्हा लावा, पण ग्रोसोकडे बघू नका. बॉल पिर्लोच्या पायात आल्यापासून जर्मन बचावपटू कसे एकेक पाऊल सरकतात, तेवढंच बघा. पुढच्या मॅचला भेटलो की बोलू.