सायनस घराण्यातनं येतं का? तुम्ही विचारलंत म्हणून

सकाळी रंकाळ्यावर फिरायला गेले की कोणीतरी थांबवतंच. "वहिनी, तुमच्या पोराचं सायनस आनुवंशिक निघालं म्हणे, खरं का ओ? मग आमच्या पोरीचं पण तपासायला पाहिजे का?" परवा शाहूपुरीतल्या एका ताईंनी हेच विचारलं, उभ्या उभ्या धड सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

सायनस म्हणजे गालाच्या आणि कपाळाच्या हाडांमधल्या पोकळ्या, त्या सगळ्यांनाच असतात. त्यात इन्फेक्शन झालं की आपण "सायनस झालंय" म्हणतो. एखाद्या वेळी झालं तर घाबरायचं काही नाही, पण वर्षात ४ किंवा जास्त वेळा होतंय, नाहीतर १२ आठवडे झाले तरी हटत नाही, असं असेल तर त्याच्या मागं काय आहे ते शोधायलाच पाहिजे. हे एवढं एक वाक्य आम्हाला कळायला नऊ वर्षं गेली.

माझा मुलगा पुऱ्या दिवसांचा, वजन चांगलं, तरी दुसऱ्या दिवशी श्वास लागला म्हणून काचेत ठेवला होता. घरी आल्यापासनं नाक वाहतंय ते वाहतंयच, खोकला ओला, आणि पावसाळ्यात सोडाच, मे महिन्यात पण तसाच. कान वाहायचे. दरवेळी अँटिबायोटिकचा कोर्स, आठ-दहा दिवस बरं वाटायचं, परत तेच. कोणी म्हणालं कोल्हापूरची हवाच दमट, कोणी म्हणालं दही-केळी बंद करा, मी ते पण केलं, वेखंड केलं, वाफारे दिले, पोरगं बिचारं सगळं सहन करत होतं. नवव्या वर्षी एका डॉक्टरांनी छातीचा एक्सरे काढला आणि हृदय उजवीकडं दिसलं. खरं तर आधी एका ठिकाणी काढलेल्या एक्सरेत पण तसंच दिसलं होतं, पण फिल्म उलटी लागली असंल म्हणून सोडून दिलेलं. त्याचा मला अजून राग येतो, खोटं कशाला बोलू.

आजाराचं नाव प्रायमरी सिलियरी डिस्किनेशिया. आपल्या नाकात, सायनसमध्ये, श्वासनळीत अगदी बारीक केसांसारखे सिलिया असतात, ते सारखे हलून शेंबूड, धूळ, जंतू घशाकडं ढकलत असतात. गालातल्या सायनसचं तोंड खाली नसून वरच्या बाजूला असतंय बघा, म्हणजे आतलं पाणी आपोआप गळून जात नाही, सिलियांनाच ते वर चढवून बाहेर काढावं लागतं. माझ्या पोराचे सिलिया जन्मापासनं नीट हलत नाहीत, मग साचतंय, आणि साचलं की कुजतंय. पोटातल्या बाळाचं डावं-उजवं ठरवायला पण असलेच सिलिया लागतात, म्हणून यातल्या साधारण निम्म्या पेशंटचे अवयव उलट्या बाजूला असतात. सायनस, फुफ्फुसाचा त्रास आणि उजवीकडचं हृदय हे त्रिकूट कार्टाजेनर नावाच्या स्विस डॉक्टरांनी १९३३ साली मांडलं होतं, म्हणजे हे काही काल-परवाचं ज्ञान नाही.

आता घराण्याचं. मी आत्याच्या घरात सून म्हणून आले, आमच्यात ही पद्धतच आहे, मामाची मुलगी करायची. हा आजार बहुतेक वेळा आई आणि वडील दोघांकडनं एकेक बिघडलेलं जनुक आलं तरच होतो. एकच असलं तर काही त्रास नाही, कळत पण नाही. नात्यात लग्न झालं की दोघांकडं तेच जनुक असायची शक्यता वाढते, आणि दोघांकडं असलं तर प्रत्येक बाळंतपणात ४ पैकी १ ही शक्यता. रिपोर्ट आल्यावर आत्या आठवडाभर जेवल्या नाहीत, म्हणत होत्या मीच हट्ट धरून तुला करून आणली. त्यांचा दोष नाही हो, कोणाचाच नाही, नात्याबाहेर लग्न केलेल्यांच्या पोटी पण अशी मुलं जन्मतात. पण पुढच्या पोरींची नात्यातली स्थळं बघताना मी आता गप्प बसत नाही, आणि हे आत्यांना पण पटलंय.

हा एकच आजार नाही. काहींच्या रक्तात जंतूंशी लढणाऱ्या अँटिबॉडीच कमी असतात, त्याची रक्ताची तपासणी असते, आयजीजी, आयजीए, आयजीएम, ती करायला सांगा म्हणून डॉक्टरांना विचारायला लाजू नका. त्यातला एक प्रकार आईकडनं मुलग्यांना येतो, १९५२ मध्ये ब्रूटन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी सांगितलेला, म्हणून मुलाच्या मामालोकांपैकी कोणी लहानपणी सारखं आजारी असायचं का, न्यूमोनियानं गेलं का, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. आणि लहान मुलाच्या नाकात मांसाचे कोंब दिसले, वजन वाढत नाही, पापी घेतली की कातडी जास्तच खारट लागतेय, तर घामाची तपासणी करतात, तो सिस्टिक फायब्रोसिस, म्हणजे अंगातला शेंबूड-कफ फार घट्ट होणारा आजार, असू शकतो.

आमच्या आजारावर मुळापासनं औषध नाही. रोज मिठाच्या पाण्यानं नाक धुणं, छातीचा फिजिओ, लसी वेळेवर, जंतू बघून औषध. पाणी उकळून गार केलेलंच वापरायचं, नळाचं अजिबात नाही. पोरगं आता शाळा फार बुडवत नाही.

तर ताई, तुमच्या पोरीचं. तुम्ही म्हणालात शिंका फार येतात, डोळे खाजतात, आणि गावाकडं गेलं की आठ दिवसांत नाक मोकळं होतं. मग आधी ॲलर्जीचं बघा, बहुतेकांचं तेच असतं, नाहीतर नाकाचं हाड वाकडं. ॲलर्जीचा कल पण घराण्यात असतो, तुमच्या मिस्टरांना दमा आहे ना, ते डॉक्टरांना नक्की सांगा. मोठ्या माणसांत एकाच बाजूला दुखत असेल, घाण वास येत असेल, तर वरची दाढ दाखवायची, दाढेचं मूळ सायनसला अगदी लागून असतंय. आणि जन्मल्यापासनं एक दिवस नाक कोरडं नाही, खोकला ओला, कान पण वाहतात, असं असेल तर मला फोन करा, मी सगळे जुने रिपोर्ट घेऊन तुमच्याबरोबर येते.