पंप उतरवायच्या आधी डिझेलच्या लाइनमधली एअर (हवा) बघा, जुन्या डिझेल गाडीचा माझा अनुभव

आमच्याकडे जुनी डिझेल गाडी आहे, रोटरी पंपवाली (मेकॅनिकल पंप, तोच इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलना डिझेल देतो), कॉमन रेल (कॉम्प्युटरवर चालणारी, जास्त प्रेशरची डिझेल यंत्रणा) नाही, त्यामुळे लॅपटॉप लावून कोड बघायचा विषयच नाही. उन्हाळा लागला तशी तिला खोड लागली. सकाळी पहिल्या सेलला चालू व्हायची, चार-पाच सेकंद चालायची आणि बंद. मग लांब लांब सेल मारत बसा, बॅटरी मान टाकेपर्यंत, तेव्हा कुठे खोकत उठायची. एकदा उठली की अमळनेर ते धुळे बिनतक्रार. पण चाळीसगावच्या पुढे कन्नड घाट लागला की दम सोडायची, रेस पूर्ण दाबली तरी पिकअप नाही.

ज्याला विचारलं तो म्हणे पंप गेला. पंप-नोझलवाल्याने तर फोनवरच सांगून टाकलं की उतरवून आणा, कॅलिब्रेशन करू. मला ते पटत नव्हतं, कारण पंप आतून झिजला असेल तर गाडी गरम झाल्यावर जास्त त्रास द्यायला पाहिजे, गरम डिझेल पातळ होतं आणि आतल्या आत निसटतं. इथे उलटं, रात्रभर उभी राहिली की त्रास. म्हणजे रात्री लाइनमधलं डिझेल मागे टाकीकडे उतरतंय आणि त्या जागी हवा भरतेय, पंपात उरलेल्या डिझेलवर गाडी तेवढे चार-पाच सेकंद चालते.

आधी धूर बघितला. सेल मारताना पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत जातंय पण जळत नाही, मग हिटर (चालू करताना इंजिन आतून तापवणारे प्लग) नाहीतर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) बघायचं. धूरच नसेल तर डिझेल पोचतच नाहीये. आमच्याकडे धूर नव्हता. चावी फिरवल्यावर पंपावरचा सोलेनॉइड (डिझेल सोडणारा विजेचा व्हॉल्व्ह) टक् वाजत होता, तो ठीक. टाकीचं झाकण ढिलं ठेवून चालवून बघितली, कधी कधी झाकणाचं हवेचं भोक बुजतं आणि टाकीत व्हॅक्यूम होतो, पण काही फरक नाही. फिल्टर काढून बाटलीत ओतला तर तळाला पाणी, वर काळा गाळ. नवीन टाकला, घाटात थोडा फरक पडला, सकाळचं रडगाणं तेच.

मग एका ट्रॅक्टरच्या मिस्तरीला दाखवली. माझं मत विचाराल तर या बाबतीत ट्रॅक्टरवाले कारवाल्यांपेक्षा भारी, कारण शेतात डिझेल संपून एअर धरणं त्यांच्याकडे नेहमीचंच. त्याने बॉनेट उघडलं आणि म्हणाला, "गाडी हवा लेस, भाऊ," म्हणजे हवा घेते. मी म्हटलं अहो खाली डिझेलचा एक थेंब पडलेला नाही. तर तो म्हणे टाकीपासून पंपापर्यंत सगळी ओढीची लाइन, तिथे भोक असेल तर गाडी चालू असताना डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते, रसवंतीत चिरलेली स्ट्रॉ मिळते ना तसं.

त्याने गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप फिल्टर आणि पंपाच्या मध्ये लावला. गाडी चालू केली तर बुडबुड्यांची रांगच, रेस वाढवली की अजून जास्त. मग स्वच्छ डिझेलचा कॅन वर ठेवून पाइप थेट पंपाला दिला, रिटर्नपण (पंपातून परत येणाऱ्या डिझेलचा पाइप) कॅनमध्येच. रात्रभर तशीच ठेवली आणि सकाळी एका सेलला चालू, बंद पडली नाही. पंप निर्दोष सुटला! मग तोच कॅन फिल्टरच्या मागे, टाकीच्या बाजूला जोडला, तरी बुडबुडे नाहीत, म्हणजे फिल्टर आणि त्याच्या वरचा हँड पंप (हाताने डिझेल ओढायचा) दोन्ही चांगले. राहिली टाकी ते फिल्टर लाइन.

सापडलं मागच्या चाकांजवळ, लोखंडी पाइप जिथे रबरी पाइपला जोडतो तिथे क्लिपच्या खाली. वरून धड दिसायचा, वाकवला की बारीक चिरा. आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो, त्यात खालून रस्ता तापलेला, रबर किती टिकणार. डिझेलसाठीचाच नवीन पाइप आणि क्लिपा टाकल्या, नोझलवरचे कडक झालेले ओव्हरफ्लो पाइपपण (जादा डिझेल परत नेणारे) बदलले. एकाने लाइनमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाकायचा सल्ला दिला होता, मी नाही टाकला, त्याने डिझेल मागे जायचं थांबेल पण भोक तसंच राहील.

एअर काढताना फिल्टरचा स्क्रू ढिला करून फेस जाईपर्यंत हँड पंप मारला, मग नोझलचे दोन नट ढिले करून सेल मारला आणि डिझेल आल्यावर आवळले. हात आणि तोंड लांब ठेवा, धार कातडीत घुसते. आणि कॉमन रेल गाडीचे नट असे अजिबात उघडू नका, तिथे प्रेशर १००० बारच्या वर जातं.

आता सकाळी लगेच उठते, कन्नड घाटपण चढून आली. लेव्हल पाइप मात्र काढून टाकलाय, इंजिनच्या उष्णतेने तो कडक होतो आणि मग तोच हवा घ्यायला लागतो.