पंख्याची खोली आणि सव्वाअकराची सावली

निवृत्तीनंतरचा पहिला प्रवास अंदमानचा, हे आम्हा दोघांचं फार आधीपासून ठरलेलं. पण माझ्या पेन्शनचे कागद अजून या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होते, म्हणून गाठीशी होतं तेवढ्यातच भागवायचं होतं. विमानाची तिकिटं तीन महिने आधी काढली आणि 2025 च्या एप्रिलचा दुसरा पंधरवडा धरला. तेव्हा उकाडा असतो म्हणून गर्दी कमी, आणि गर्दी कमी म्हणून खोल्या स्वस्त.

पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम) एकच दिवस थांबलो. सेल्युलर जेलच्या सातपैकी तीनच इमारती आता उभ्या आहेत. सावरकरांच्या कोठडीसमोर हे हात जोडून बराच वेळ उभे राहिले. बाहेर आल्यावरही आम्ही दोघं बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या सरकारी बोटीने दोन तासांत नील बेटावर. 2018 पासून याचं नाव शहीद द्वीप, पण जेट्टीवर सगळे नीलच म्हणतात. खासगी वातानुकूलित बोटीपेक्षा हिचं तिकीट कितीतरी स्वस्त, आणि डेकवर वाराही मिळतो. खोली घेतली पंख्याची, वर पत्रा. दोन सायकली भाड्याने घेतल्या.

आणि पहिल्याच दिवशी चुकलो. खोलीत सामान टाकून दहा वाजता सीतापूरच्या किनाऱ्याकडे निघालो. येताना ह्यांच्या पोटऱ्यांत गोळे आले, चेहरा लालबुंद झाला, हँडल धरवेना. रस्त्याकडेच्या चहावाल्याने काही न विचारता बाकडं सावलीत ओढलं आणि मीठ-साखरेचं पाणी करून दिलं. अर्ध्या तासाने हे म्हणाले, "अगं, घड्याळात तर आत्ता कुठे बारा वाजतायत."

तिथेच माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावरची. नील बेट त्र्याण्णव अंशांच्या आसपास. अंशाला चार मिनिटं धरली तर साधारण बेचाळीस मिनिटांचा फरक. म्हणजे इथली खरी दुपार सव्वाअकराला! इतकी वर्षं फळ्यावर हे गणित मांडलं, आणि त्याची किंमत ह्यांच्या पोटऱ्यांनी मोजली.

त्या संध्याकाळपासून आम्ही घड्याळ सोडून सूर्याबरोबर चालायचं ठरवलं. सूर्य पाचला उगवतो, म्हणून साडेचारला उठायचं. नऊच्या आत सगळं हिंडून घ्यायचं, दहा ते तीन खोलीत. सूर्यास्त साडेपाचला, तो लक्ष्मणपूरच्या वाळूत बसून बघायचा. रात्री जेवून आठला आडवं व्हायचं. खिडकीला ओला पंचा बांधून पाहिला, पण इथल्या दमट हवेत पाणी उडूनच जात नाही, मग गारवा कसला यायचा? त्यापेक्षा झोपण्याआधी अंघोळ करून खाट खिडकीशी ओढली, ते बरं पडलं. चौथ्या रात्री तर पहाटे पांघरूण शोधत होते मी.

प्रवाळाच्या खडकाची नैसर्गिक कमान बघायला ओहोटीच लागते. ओहोटीची वेळ रोज साधारण पाऊण-एक तास पुढे सरकते, म्हणून खोलीच्या मालकांना विचारून ठेवलं होतं. चैत्र वद्य सप्तमी-अष्टमीचे दिवस, म्हणजे भांगाची ओहोटी, पाणी फार मागे जात नाही. तरी खडकांतल्या डबक्यांमध्ये काळ्या समुद्रकाकड्या पडलेल्या, आणि करंगळीच्या पेराएवढा एक खेकडा आपला शंख पाठीवर घेऊन माझ्या चपलेला वळसा घालून गेला. ह्यांनी एक सुंदर शिंपला उचलला, पाहिला आणि होता तिथेच ठेवला. इथून शंखशिंपले न्यायला बंदी आहे, आणि ती असायलाच हवी.

21 एप्रिलची मी मनातून वाट बघत होते. बेटाचं अक्षवृत्त पावणेबारा अंशांच्या थोडं पुढे, त्यामुळे याच सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा धडा दरवर्षी शिकवला, पण आमच्या शाळेत तो दिवस नेमका मे महिन्याच्या सुट्टीत यायचा. एकदाही मुलांबरोबर बघता आला नाही.

अकराला अंगणात स्टीलची बाटली उभी केली. मालकांची नात शेजारी उकिडवी बसली. बाटलीची सावली पश्चिमेला बोटभर होती, मग नखाएवढी झाली. हे डोक्यावर छत्री धरून घड्याळाकडे बघत मिनिटं मोजत होते. "सोळा... सतरा..." आणि बाटलीभोवती जमीन सगळीकडून सारखी उजळ झाली. नातीने बाटली उचलून सावली खाली दडलीय का ते पाहिलं. मग माझ्याकडे बघून तिने ती परत त्याच जागी ठेवली, आणि आम्ही तिघंही पूर्वेला सावलीची पहिली रेघ उमटेपर्यंत तिथेच बसून राहिलो.