‘सो हेल्प मी गॉड’ न म्हणता अमेरिकन नागरिकत्वाची शपथ : माझा अनुभव

अमेरिकन नागरिकत्वाच्या शपथेचा शेवट ‘सो हेल्प मी गॉड’ (देव मला साहाय्य करो) या शब्दांनी होतो. देव न मानणाऱ्याला ते म्हणावे लागत नाहीत, तशी सोय नियमातच आहे. मात्र ती स्वतःहून मागावी लागते, आणि वेळेत मागावी लागते. एन-400 या नागरिकत्वाच्या अर्जापासून शपथविधीपर्यंत मी हे कसं केलं, ते ज्यांना उपयोगी पडेल त्यांच्यासाठी लिहितोय.

आधी कायदा वाचून घेतला. शपथेत काय असावं याचे पाच मुद्दे स्थलांतर आणि नागरिकत्व कायद्याच्या कलम 337 मध्ये आहेत : राज्यघटनेला पाठिंबा, आधीच्या देशावरच्या निष्ठेचा त्याग, घटनेचं आणि कायद्यांचं शत्रूंपासून रक्षण, त्यांच्यावर खरी निष्ठा, आणि कायद्याने सांगितल्यास शस्त्र उचलणं किंवा त्याऐवजी दुसरी सेवा. या पाचांत देव कुठेही नाही. तो येतो शपथेचा मजकूर ठरवणाऱ्या नियमात, म्हणजे 8 सीएफआर (केंद्र सरकारच्या नियमांचा संग्रह) 337.1 (ए) मध्ये. त्याच्याच पुढचं (बी) पोटकलम सांगतं की धार्मिक श्रद्धेमुळे किंवा सद्सद्विवेकबुद्धीच्या अन्य कारणामुळे कुणाला हे शब्द उच्चारता येत नसतील, तर ‘ऑन ओथ’च्या (शपथेवर) जागी ‘अँड सॉलम्ली अफर्म’ (आणि गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो) घालावं आणि ‘सो हेल्प मी गॉड’ गाळावं. ही सवलत फक्त नास्तिकांसाठी नाही. क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक देव मानतात आणि म्हणूनच शपथ घ्यायला नकार देतात. अमेरिकेच्या घटनेतही ‘शपथ किंवा प्रतिज्ञा’ असेच शब्द आहेत, आणि राष्ट्राध्यक्षाच्या शपथेचा जो मजकूर घटनेत दिला आहे त्यात देवाचं नाव नाही.

अर्जात शपथेविषयी ओळीने प्रश्न येतात : शपथ समजली का, घ्यायची तयारी आहे का, शस्त्र उचलाल का, सैन्यात बिनलढाऊ सेवा कराल का, मुलकी देखरेखीखाली राष्ट्रीय महत्त्वाचं काम कराल का. सगळा घोळ इथेच होतो. देवाचा उल्लेख नको म्हणून काही जण शस्त्रांच्या प्रश्नालाही ‘नाही’ लिहून टाकतात. ही दोन पूर्णपणे वेगळी प्रकरणं आहेत. शस्त्रांच्या कलमातून सूट हवी असेल, तर आपला विरोध प्रामाणिक आणि खोलवर रुजलेला आहे हे स्पष्ट आणि खात्रीशीर पुराव्याने दाखवावं लागतं. मुलकी कामाच्या कलमातून तर सूटच नाही. उलट ‘सो हेल्प मी गॉड’ गाळण्यासाठी कागदोपत्री पुरावा किंवा जबानी लागत नाही, असं यूएससीआयएसच्या (नागरिकत्वाचे अर्ज हाताळणारं सरकारी खातं) धोरणपुस्तिकेच्या बाराव्या खंडात स्वच्छ लिहिलंय.

माझा शस्त्रांच्या कलमाला विरोध नव्हता. म्हणून मी सगळ्या प्रश्नांना ‘हो’ लिहिलं आणि जादा माहितीच्या रकान्यात एवढंच टाकलं : ‘सद्सद्विवेकबुद्धीच्या कारणास्तव 8 सीएफआर 337.1 (बी) प्रमाणे, ‘ऑन ओथ’ आणि ‘सो हेल्प मी गॉड’ हे शब्द वगळून प्रतिज्ञा करू इच्छितो.’ शस्त्रांच्या कलमासह बाकी संपूर्ण शपथ मान्य आहे, हेही पुढच्याच वाक्यात लिहिलं. दुसरं वाक्य पहिल्याइतकंच महत्त्वाचं आहे. हाच मजकूर नाव, ए-नंबर (ग्रीन कार्डावरचा ओळख क्रमांक) आणि पावती क्रमांक घालून वेगळ्या कागदावर सहीनिशी छापला आणि मुलाखतीला दोन प्रती नेल्या, एक फाइलसाठी, एक स्वतःसाठी. सोबत नियमाचं ते एक पान.

मुलाखतीत हा विषय इंग्रजी आणि नागरिकशास्त्राची चाचणी झाल्यावर, शपथेचे प्रश्न आले तेव्हा काढला. अर्जाच्या शेवटी शपथेचा पूर्ण मजकूर छापलेला असतो आणि अधिकारी सांगेल तेव्हाच तिथे सही करायची असते. विनंती त्या सहीच्या आधी करा. एखाद्या संस्थेचं पत्र मागितलं, तर समोरच्या अधिकाऱ्याच्या मनात शस्त्रांचं कलम आहे असं समजा आणि शांतपणे (बी) दाखवा. 2013 मध्ये टेक्ससमध्ये मार्गारेट डाउटी या ब्रिटिश नास्तिक बाईंकडे चर्चचं पत्र मागितलं गेलं, ते शस्त्रांच्याच कलमासाठी. नंतर त्यांची सूट पत्राशिवाय मंजूर झाली.

प्रत्यक्ष समारंभात सगळे एकत्र शपथ म्हणतात. मजकूर वाचून दाखवणारा पूर्ण रूपच वाचतो, आपण आपलं रूप म्हणायचं. मी ते कार्डावर लिहून नेलं होतं, कारण सुरुवातीचा ‘ऑन ओथ’ फार झटकन येतो आणि तोंडून निघून जातो. मॅसॅच्युसेट्समधल्या ओल्गा पेरिए-बिल्बो यांना सार्वजनिक समारंभात शब्द गाळणं किंवा खासगी शपथविधी असे दोन पर्याय दिले होते. हे शब्द अधिकृत मजकुरातच नसावेत म्हणून त्या न्यायालयात गेल्या, पण 2020 मध्ये फर्स्ट सर्किट या अपील न्यायालयाने निकाल त्यांच्या विरोधात दिला. मला तो निकाल पटत नाही. भारतीय राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत ईश्वरसाक्ष शपथ आणि देवाविना गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा हे दोन्ही पर्याय एकाच नमुन्यात छापलेले आहेत, कुणालाही अर्ज करावा लागत नाही. सरकार आणि धर्म वेगळे ठेवायचे तर अमेरिकेतही तसंच असायला हवं.

शपथेनंतर बहुधा ‘प्लेज ऑफ अलीजन्स’ (अमेरिकन ध्वजाशी निष्ठेची प्रतिज्ञा) होते. तिच्यातले ‘अंडर गॉड’ हे शब्द 1954 मध्ये घातले गेले. नागरिकत्वासाठी कायद्याने लागते ती शपथ, प्लेज नव्हे. ते शब्द सोडा किंवा पूर्ण गप्प उभे राहा. प्लेजची सक्ती करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1943 च्या बार्नेट खटल्यातच ठरवलं आहे.

शपथविधीच्या बोलावण्यासोबतच्या एन-445 फॉर्मवर मुलाखतीनंतरचे प्रवास, लग्न वगैरे प्रश्न असतात. ते त्याच दिवशीच्या तारखेने भरा. ग्रीन कार्ड तिथे जमा होतं. प्रमाणपत्रावरचं नाव आणि जन्मतारीख जागीच तपासा, चूक नंतर सापडली तर दुरुस्तीसाठी एन-565 हा अर्ज भरावा लागतो. भारतीय पासपोर्ट त्यानंतर वापरू नका. तो रद्द करून सरेंडर सर्टिफिकेट घ्या, ओसीआयच्या (भारताचं परदेशस्थ नागरिक कार्ड) अर्जाला ते लागतं.