ट्युनेल: माहितीपत्रकातले तीन तास आणि माझे चार दिवस

किटच्या पत्रकात 'तीन तासांत निकाल' असं छापलंय. माझे चार दिवस गेले. पॅराफिन सेक्शनवर (मेणात बसवलेल्या ऊतीच्या पातळ कापावर) ट्युनेल, म्हणजे डीएनएची तुटकी टोकं रंगवून मरणाऱ्या पेशी शोधायची चाचणी, करायला निघालाच असाल, तर आधी हे वाचा. सेक्शन कापणं, झायलीन, अल्कोहोल हे येतं असं धरतो. पहिली सकाळ त्यातच गेली, सांगण्यासारखं काही नाही.

सगळा घोळ प्रोटिनेज के या प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमपाशी. फॉर्मॅलिनने प्रथिनं एकमेकांत जखडलेली असतात. ती सैल केल्याशिवाय खूण जोडणारं टीडीटी एन्झाइम डीएनएच्या तुटक्या टोकांपर्यंत पोचत नाही. पत्रक म्हणतं २० मायक्रोग्रॅम प्रति मिलि, १५ ते ३० मिनिटं. मी भाबडेपणाने ३० धरली. धुताना एका स्लाइडवरचा अख्खा तुकडा सुटून जारमध्ये तरंगायला लागला. बाकीच्यांवर डॅब (खूण तपकिरी करणारं रसायन) टाकलं, तर झाडून सगळे न्यूक्लिअस तपकिरी! उंदीर तर शेवटपर्यंत ठणठणीत होता. दुसऱ्या दिवशी चिडून ५ मिनिटं ठेवलं: कोरी पाटी, डीएनेजने मुद्दाम डीएनए तोडलेला, रंगायलाच हवा असा पॉझिटिव्ह कंट्रोलसुद्धा फिकट. तिसऱ्या दिवशी ५, १०, १५, २० अशा चार स्लाइड्स एकदम लावल्या. माझ्या ४ मायक्रॉनच्या सेक्शनना १० मानवली. हा आकडा उचलू नका, तुमचा तुम्ही काढा.

त्यात माझे सेक्शन उंदराच्या यकृताचे, म्हणजे आणखी खोडसाळ. प्रोटिनेजमुळे पेशींतलेच न्यूक्लिएज मोकळे सुटतात आणि डीएनए तोडतात. टीडीटी न घातलेला कंट्रोल इथे स्वच्छच दिसतो, पण त्याने काही सिद्ध होत नाही. टोकं खरीच तुटलेली असतात, फक्त आपल्या हातून.

'ॲनेक्सिन करून बघ' (मरणाऱ्या पेशीच्या पडद्यावर आतून बाहेर आलेला रेणू ओळखणारी चाचणी) असा सल्ला मिळेल. ऐकू नका. सेक्शनमध्ये पेशीचा पडदाच कापलेला असतो, मग आतलं-बाहेरचं काय ओळखणार? आणि ट्युनेल नेक्रोसिसलाही (इजेने पेशी मरते त्यालाही) रंगतं, तेव्हा नुसत्या तपकिरी ठिपक्यावर 'अपॉप्टोसिस' (पेशीचं ठरवून मरणं) लिहू नका. शेजारच्या सेक्शनवर क्लीव्ह्ड कॅस्पेज-३ (अपॉप्टोसिसमध्ये जागं होणारं एन्झाइम) लावा, एच अँड ई (पेशींचा आकार दाखवणारा नेहमीचा रंग) बघा.

चौथ्या दिवशी, रात्री साडेनऊला, मध्यशिरेजवळ एकच आक्रसलेली पेशी दिसली. न्यूक्लिअसचे गडद गोळे, भोवती कोरं कडं. पुढच्या सेक्शनवर कॅस्पेज नेमका तिथेच! फोटो तीनदा काढला. स्केल बार तिन्हींत नाही.