अख्नाईच्या भट्टीची उरलेली कथा

तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथसंग्रहातील अख्नाईच्या भट्टीची कथा पुष्कळांना ठाऊक असते, परंतु ती बहुधा अर्धीच सांगितली जाते. मातीची भट्टी कापून, तुकड्यांमध्ये वाळू घालून पुन्हा उभी केली, तर तिला धार्मिक अशुद्धता लागते का, असा वाद होता. रब्बी (ज्यू धर्मगुरू) एलिएझर ‘लागत नाही’ म्हणत होते आणि इतर सर्व विद्वान त्यांच्या विरोधात होते. एलिएझर यांच्या शब्दाखातर झाड उपटले गेले, ओढा उलटा वाहिला, पाठशाळेच्या भिंती कलल्या, आकाशवाणीनेही त्यांनाच कौल दिला, तरीही रब्बी यहोशुआ उभे राहून ज्यूंच्या पवित्र धर्मग्रंथाच्या, तोराच्याच शब्दांत म्हणाले, “ती (तोरा) स्वर्गात नाही.” निर्णय बहुमताचाच राहिला, आणि देव हसून म्हणाला की माझ्या लेकरांनी मला हरवले.

विवेकाचा हा विजय मलाही मोलाचा वाटतो, पण कथा तेथे संपत नाही. विद्वानांनी एलिएझर यांनी शुद्ध ठरवलेल्या वस्तू जाळल्या आणि त्यांना बहिष्कृत केले. ही वार्ता कोणा अयोग्य माणसाने कळवली तर जगाचा नाश ओढवेल, या भयाने त्यांचे शिष्य रब्बी अकिवा स्वतः गेले, काळी वस्त्रे नेसून, चार हात दूर बसून ते एवढेच म्हणाले, “गुरुवर्य, सहकारी आपल्यापासून दूर झाले आहेत असे मला वाटते.” एलिएझर रडले, आणि जगातील एक तृतीयांश जैतून, गहू व जव नष्ट झाले. पुढे बहिष्काराच्या वेळी विद्वानांच्या प्रमुखपदी असलेल्या रब्बान गमलिएल यांचाही मृत्यू झाला. ते एलिएझर यांच्या पत्नी इमा शालोम यांचे भाऊ होते. आपल्या पतीच्या दुखावलेल्या प्रार्थनेने काय घडेल, हे त्या आधीच जाणून होत्या: सर्व दारे बंद झाली तरी शब्दांनी घायाळ झालेल्यांचे दार उघडे असते, असे त्यांच्या आजोबांच्या घरी सांगत.

ही कथा शुद्धाशुद्धतेच्या प्रकरणात नव्हे, तर ‘बावा मेत्सिया’ या व्यवहारविषयक ग्रंथात आहे, याला मी फार महत्त्व देतो. इ. स. 200च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू नियमसंग्रहाचे तेथील वचन सांगते की खरेदी-विक्रीत जशी फसवणूक असते तशी शब्दांतही असते. घ्यायचे नसताना किंमत विचारू नये, पश्चात्ताप केलेल्याला त्याची जुनी कृत्ये आठवून देऊ नयेत. त्या नियमाच्या विवेचनात ही कथा येते. बहुमत चुकले, असे ती कोठेही म्हणत नाही; योग्य निर्णय घेणाऱ्यांनीही एका माणसाला किती दुखावले, याचा हिशेब मात्र ती मांडते.

एलिएझर यांच्या अखेरच्या दिवसाचे वर्णन ‘सनहेद्रिन’ या दुसऱ्या ग्रंथात आहे, आणि दोन्ही भाग सलग वाचले जावेत असे मला मनापासून वाटते, कारण तेथे त्यांच्या मृत्यूनंतर उभे राहून बहिष्कार उठल्याचे जाहीर करणारे रब्बी यहोशुआच आहेत.